रिपोर्ट खराब आला म्हणून लगेच पिशवी काढू नका, आधी दुर्बिणीची तपासणी मागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या महिला आरोग्य शिबिराची बातमी आली होती. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअर घेतले (म्हणजे तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासतात ते), किती बायका आल्या, कोणकोण डॉक्टर होते ते सगळं त्यात होतं. बातमी वाचून बरं वाटलं, अशी शिबिरं व्हायलाच पाहिजेत. पण त्यातल्या काही बायकांच्या हातात थोड्या दिवसांनी ‘अ‍ॅबनॉर्मल’ लिहिलेला कागद पडेल, त्यांनी पुढं काय करायचं याची एक ओळसुद्धा त्यात नव्हती, म्हणून हे पत्र लिहितेय. मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि चार वर्षांपूर्वी तसा कागद माझ्या हातात पडला होता.

सगळा कागद इंग्रजीत. वर ‘एलएसआयएल’ (म्हणजे पेशींतला हलका बिघाड, हे नंतर कळलं) अशी चार अक्षरं आणि खाली ‘कोल्पोस्कोपी करावी’ एवढंच. काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या, आणि तिनं पुढच्या बाईचं नाव पुकारलं. मी शिकलेली बाई, पण कोल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या तोंडाची दुर्बिणीची तपासणी, हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. घरी येऊन तो कागद कपाटात साड्यांच्या खाली घातला आणि सात आठवडे कुणाला सांगितलं नाही. आधी शाळेचं गॅदरिंग, मग स्कॉलरशिपची परीक्षा, मग मार्चएंडची कामं, असं स्वतःला सांगत राहिले आणि रात्री मोबाइलवर शोधून शोधून रडत बसायचे. आता कळतंय की त्या सात आठवड्यात माझ्या तब्येतीला काही झालं नाही कारण हा आजार फार हळू चालतो, पण माझ्या जागी दुसरी कुणी असती आणि तिच्या कागदावर वेगळी अक्षरं असती तर तेच सात आठवडे सात महिने झाले असते, मग सात वर्षं, आणि तिथंच बायका हातच्या जातात.

शेवटी मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली अगं त्यात काय एवढं, आमच्या गावात बार्शीहून गाड्या यायच्या की, आम्ही सगळ्या जावाजावा मिळून गेलो होतो तपासायला. मला हे माहीतच नव्हतं! नंतर मी त्याबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. 1999 ते 2003 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला होता. काही गावांतल्या बायकांची एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, काही गावांत पॅप, काही गावांत नुसतं व्हिनेगर लावून बघायचं, आणि काही गावांत वेगळी तपासणी नाही, नेहमीसारखंच. 2009 मध्ये निकाल छापून आला. ज्या गावांत एचपीव्ही तपासणी एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच केली होती तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू नेहमीसारख्या गावांच्या मानानं जवळपास निम्मे होते. जगभर आज या आजाराबद्दल जे नियम आहेत त्यात आपल्या धाराशिवच्या आयाबायांचा वाटा आहे, आणि त्यांच्याच लेकीसुनांना आज कोल्पोस्कोपी म्हणजे काय ते माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि त्या अभ्यासातली एक गोष्ट नीट बघा. नुसतं तपासून कुणी वाचलं नाही. ज्यांचा रिपोर्ट खराब आला त्यांना पुढं बोलावून कोल्पोस्कोपी केली, गरज पडली तिथं पिशवीच्या तोंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, उपचार दिले, म्हणून बायका वाचल्या. मधली पायरी गाळली तर शिबिराचा उपयोग काय?

आता ती तपासणी कशी असते ते मी जसं झालं तसं सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं सिस्टर लोक तिला ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात आणि तिथंच पहिला घोळ होतो. आपल्याकडं दुर्बिणीचं म्हटलं की बायकांना कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आठवतं, पोटाला भोक पाडून करतात ते. मलाही तसंच वाटलं. मी आदल्या रात्रीपासून उपाशी, पिशवीत गाऊन, चादर, थर्मास घेऊन, नणंदेला मुक्कामाला सोबत घेऊन गेले. यात पोटाला भोक नाही, भूल नाही, अ‍ॅडमिट व्हायचं नाही. कोल्पोस्कोप म्हणजे स्टँडवर बसवलेली, लाइट असलेली मोठं करून दाखवणारी दुर्बीण, ती आपल्यापासून फूटभर लांब बाहेरच राहते, आत जात नाही. आत जातो तो फक्त स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून मार्ग उघडा धरायचं साधन, पॅपच्या वेळी घालतात तेच. उपाशी तर अजिबात जाऊ नका, थोडं खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येते, मला आली.

टेबलावर पाय वर घेऊन झोपायचं, जसं बाळंतपणाच्या वेळी. लाज वाटते, खोटं कशाला सांगू, पण अंगावर चादर असते आणि सोबत एक सिस्टर असते, नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. मग डॉक्टर पिशवीच्या तोंडाला कापसानं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगरच, तीन ते पाच टक्क्यांचं. थोडं गार लागतं, थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबतात, आणि जिथल्या पेशी बिघडलेल्या असतात तो भाग पांढरा पडतो. मग बऱ्याचदा आयोडीन लावतात. त्यात उलटं असतं, चांगला भाग गडद तपकिरी होतो आणि संशयाचा भाग पिवळट राहतो. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. माझ्या डॉक्टरबाईंनी समोरच्या स्क्रीनवर मला दाखवलं, हे बघा इथं डाळीएवढं पांढरं दिसतंय. सात आठवडे ज्याला मी राक्षस समजत होते तो डाळीएवढा पांढरा डाग होता.

मग त्या डागाचा बारीक तुकडा घेतला, त्याला बायोप्सी म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढा असतो. बायोप्सी शब्द ऐकला की आपल्याकडं लोक म्हणतात बाई संपली, ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं मला दोघींनी सांगितलं होतं. असं काही नसतं. तुकडा तपासल्याशिवाय नक्की काय आहे ते कळतच नाही, पॅप म्हणजे फक्त सूचना, निदान होतं ते या तुकड्यावर. दुखतं का? मला जोरात चिमटा घेतल्यासारखं वाटलं आणि मग पाळीत येते तशी ओटीपोटात कळ आली, दोनतीन मिनिटात कमी झाली. माझ्या ओळखीच्या एकीला काहीच जाणवलं नाही आणि दुसरीला बरंच दुखलं, तेव्हा ‘काहीच दुखत नाही’ असं सांगणाऱ्यावर आणि ‘फार भयंकर असतं’ असं सांगणाऱ्यावर, दोघांवरही विश्वास ठेवू नका. दुखायला लागलं तर तोंडानं सांगा, डॉक्टर थांबतात. काही जणी अर्धा-एक तास आधी दुखण्याची गोळी घेऊन जातात, ती चालते का ते आपल्या डॉक्टरला आधी विचारून घ्या. कधीकधी पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीतूनही थोडं खरवडून घेतात, त्यानं जरा जास्त कळ येते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं, अकरा दहाला आत गेले आणि साडेअकराला नणंदेबरोबर बाकावर बसून बिस्किट खात होते.

एक गोष्ट मात्र मला खरंच कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होती. तुकडा घेतल्यावर रक्त थांबायला एक औषध लावतात, ते नंतर दोनतीन दिवस अंगावरून काळपट तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं. मी रात्री बाथरूममध्ये ते बघितलं आणि मला वाटलं आतून काहीतरी सडलंय. ते औषधच असतं. सोबत पॅड घेऊन जा, तीनचार दिवस थोडं रक्त जाऊ शकतं. डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण आठवडाभर, नवराबायकोचे संबंध नकोत आणि आत काही घालायचं नाही. घरचं काम, शाळा, ऑफिस दुसऱ्या दिवशी करता येतं, मी केलं. पण तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, ताप, घाण वास, खूप पोटदुखी यातलं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

जायच्या आधीचं पण सांगते. भरपूर पाळी सुरू असेल तर तारीख बदलून घ्या, नीट दिसत नाही. आधीचे एकदोन दिवस संबंध नकोत आणि आतून लावायची क्रीम, गोळी नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर सांगा. गरोदरपणात कोल्पोस्कोपी करता येते, तुकडा मात्र अगदी गरज असली तरच घेतात. तांबी असली तरी तपासणी होते. आणि पाळी गेलेल्या बायकांनी घाबरू नये, त्यांना कधीकधी आधी काही आठवडे क्रीम लावायला देऊन मग बोलावतात कारण वयानुसार तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते.

माझा रिपोर्ट बारा दिवसांनी आला. सीआयएन वन, म्हणजे सगळ्यात हलका बिघाड. डॉक्टरबाई म्हणाल्या हे बहुतेक वेळा आपोआप जातं, शरीरच त्या विषाणूला हाकलतं, औषध नको, वर्षानं परत या. मी वर्षानं गेले, नॉर्मल. तिसऱ्या वर्षी गेले, नॉर्मल.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगते, कारण खरं तर तिच्यासाठीच हे पत्र आहे. ती अडतीस वर्षांची, मागच्या वर्षी पांढरं जातंय म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली. पॅप केला, रिपोर्टमध्ये ‘एचएसआयएल’ आलं, म्हणजे जरा वरचा बिघाड. डॉक्टर म्हणाले दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, सोमवारी या काढून टाकू, नाहीतर कॅन्सर होईल. घरात सगळ्यांना ते पटलं. माझ्या सासूबाईंना पटलं, दिराला पटलं, तिनं स्वतः मला फोन केला की ताई कटकट संपते एकदाची. बॅग भरलेली होती. मी रविवारी संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि विचारलं, कोल्पोस्कोपी झाली का? तुकडा तपासला का? नव्हता तपासला. नुसत्या पॅपच्या कागदावर पिशवी काढायला निघाली होती.

मी डॉक्टर नाही पण हे मी माझ्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं आणि नंतर वाचलंही. नुसता पॅप खराब आला हे पिशवी काढायचं कारण नाही. बिघाड असतो तो पिशवीच्या तोंडावर, तेवढाच भाग काढता येतो. आणि उलटा धोका पण आहे. समजा आत खरंच कॅन्सर सुरू झालेला असेल आणि तो न तपासता साधं पिशवीचं ऑपरेशन करून टाकलं, तर ते ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. म्हणजे बिघाड छोटा असेल तरी नुकसान, मोठा असेल तरी नुकसान. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर अडतिशीतच पाळी जाण्याचे त्रास, हाडं ठिसूळ, ते वेगळंच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या, विधानसभेत गाजलं, समिती बसली. त्यातल्या किती जणींना ‘कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर टेबलावर घेतलं असेल, विचार केला की झोप लागत नाही.

सोमवारी आम्ही ऑपरेशनला गेलो नाही. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये गेलो, तिथं गर्दी, अर्धा दिवस रांग, पण कोल्पोस्कोपी झाली, दोन तुकडे घेतले. सीआयएन थ्री आला, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा सगळ्यात वरचा बिघाड. हा सोडून द्यायचा बिघाड नव्हे, उपचार केला नाही तर यातल्या बऱ्याच बायकांना पुढं काही वर्षांनी कॅन्सर होतो, म्हणजे त्या डॉक्टरांची काळजी खोटी नव्हती, मार्ग चुकीचा होता. तिची लीप केली. तारेच्या बारीक कडीतून करंट सोडून पिशवीच्या तोंडाचा तेवढा बिघडलेला भाग कापून काढतात, तिथल्या तिथं बधिर करायचं इंजेक्शन देऊन, ती पूर्ण शुद्धीत होती आणि संध्याकाळी घरी आली. काढलेला भाग परत तपासला, कडा स्वच्छ निघाल्या. तीनचार आठवडे जड उचलू नको, पाण्याचे हंडे नकोत एवढं पथ्य. आता तिला ठरलेल्या वेळी एचपीव्हीची तपासणी करत राहायची आहे, बरीच वर्षं, ते चुकवायचं नाही. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी लीपच्या आधी डॉक्टरशी बोलावं, कारण पुढच्या बाळंतपणात दिवस भरायच्या आधी होण्याची शक्यता थोडी वाढू शकते.

अजून एक बोलायचं राहिलं आणि ते पेपरात लिहायला मला जड जातंय पण लिहिते. हा बिघाड एचपीव्हीमुळे होतो आणि तो संबंधातून येतो, हे कळल्यावर माझ्या जावेच्या घरात आठ दिवस बोलणं बंद होतं. तिला वाटलं नवऱ्यानं काहीतरी केलं, त्याला वाटलं हिनं. अहो हा विषाणू इतका साधा आहे की लग्न झालेल्या बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षात कळण्याआधीच जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज रिपोर्ट आला म्हणजे काल काही घडलं असं त्यातून कुणालाच सिद्ध करता येत नाही. संसार मोडायला हा कागद वापरू नका. आणि पुरुष मंडळींना विनंती आहे की त्या दिवशी सोबत जा, बाहेर बाकावर बसा, माझे मिस्टर दुसऱ्या वेळी आले होते, नुसते बसले होते पण मला केवढा धीर होता.

तर माझं मागणं एवढंच आहे. आरोग्य खात्यानं आणि शिबिर घेणाऱ्या संस्थांनी प्रत्येक अ‍ॅबनॉर्मल रिपोर्टला मराठीतलं एक पान स्टेपल करावं. त्यावर लिहावं की नुसत्या या रिपोर्टवरून कॅन्सर ठरत नाही, पुढची तपासणी कोल्पोस्कोपी, ती अशी असते, जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात कुठल्या वारी होते, आणि तुकड्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पिशवी काढायला हो म्हणू नका. आशाताईंना ते पान वाचून दाखवायला सांगावं कारण ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या कपाटात साड्यांखाली तो कागद कायमचा राहील. आणि ज्या बाईनं पंधरा दिवसात पुढची तारीख घेतली नाही तिला फोन जावा. 30 ते 65 वयाच्या बायकांची तपासणी करायचं सरकारनं 2016 मध्येच ठरवलंय, आरोग्य केंद्रात व्हिनेगर लावून बघतात, मग पुढच्या पायरीची माहिती द्यायला एका कागदाचा खर्च काय येतो.

ते पान कसं असावं म्हणून मी स्वतः हातानं लिहून काढलंय, दोन्ही बाजूंनी, सातवीच्या मुलीला वाचता येईल अशा भाषेत, आणि माझ्या डॉक्टरबाईंनी तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केलंय. शंभर झेरॉक्स काढल्या, आमच्या गावच्या आशाताईंकडं साठ दिल्यात, चाळीस उरल्यात. एक प्रत या पत्रासोबत पाठवतेय. आपल्याला योग्य वाटली तर ती जागा मिळेल तिथं छापावी, माझं पत्र कापलं तरी चालेल पण ते पान कापू नये.

माझं नाव छापू नये ही विनंती. मला स्वतःला लपवायचं काही नाही, पण जावेला अजून गावात राहायचं आहे आणि नाव आलं की लोक तिलाच ओळखतील.

आपली नम्र,
एक शिक्षिका
धाराशिव जिल्हा